पिराजी निवेदक गप्प बसून पक्षी बघायला जातो

गडमुडशिंगीच्या पिराजी निवेदकाचा आवाज कसा होता हे आधीच सांगून ठेवलं पाहिजे, कारण या गोष्टीत तो फारसा ऐकू येणार नाही.

जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात दोन पैलवान मातीत उतरले की लांब बसलेल्या गावाला त्यांची नुसती अंगं दिसतात. कोण कुठल्या तालमीचा, कुणाचा वस्ताद कोण, आत्ता कुणी कुणाच्या पायाला हात घातला, हे सांगायला माणूस लागतो. तो निवेदक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या जत्रांमध्ये हे काम पिराजी करायचा. त्यानं “आणि… आणि… आणि…” अशी चढती लावली की झाडावर बसलेली पोरं आणखी एक फांदी वर जायची. घरातही तो तसाच बोलायचा. “मीठ कमी हाय” एवढं वाक्य त्याच्या तोंडून सुटलं की चौथ्या घरातली बाई आपली आमटी चाखून बघायची.

पौषात त्याचा घसा बसला. बसला तो उठेना. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालून बघितलं आणि म्हणाले, स्वरयंत्रावर गाठ आहे, साधी आहे, घाबरू नका, पण तोंड बंद. एक शब्द नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, कुजबुजल्यानं घसा आणखी ताणतो.

पिराजी गप्प झाला. काखेत पाटी आणि खिशात पेन्सिल घेऊन फिरू लागला. गल्लीला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं, पण नेमकं काय ते कुणी बोलून दाखवलं नाही.

आता यातली एक गोष्ट फक्त पिराजीला ठाऊक होती. गेल्या गुरुवारी डॉक्टरांनी परत नळी घातली आणि म्हणाले, “छान! गाठ जवळजवळ गेलीय. उद्यापासून थोडं थोडं बोला, हळू. आवाज पहिल्यासारखा येईलच असं नाही सांगता येत. कसा येतो ते बघू.”

कसा येतो ते बघू.

पिराजीनं मान हलवली, घरी आला आणि पाटीवर लिहिलं: अजून आठ दिवस बंद.

शुक्रवारी पहाटे तो गोठ्यात गेला. आजूबाजूला कुणी नाही बघून म्हशीसमोर उभा राहिला आणि तोंड उघडलं. म्हशीनं रवंथ थांबवला. वाट बघितली. पिराजीनं तोंड मिटलं आणि तिच्यापुढं पेंड ओतली, जणू काही त्यासाठीच आला होता.

हजारोंच्या गर्दीला न भ्यालेला माणूस स्वतःच्या घशाला भ्याला होता. चैत्रात जत्रा सुरू व्हायच्या. आवाज आलाच नाही तर? किंवा आला, आणि तो दुसऱ्याच कुणाचा निघाला तर? गप्प होता तोवर जुना आवाज आत शाबूत होता. पेटीत ठेवलेल्या फेट्यासारखा. उघडून बघायचं धाडस होत नव्हतं, कसर लागली असली तर?

*

शनिवारी अभिराम त्याला बघायला आला.

अभिराम हा पिराजीचा कॉलेजपासूनचा दोस्त. राहायला शिवाजी पेठेत, ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. देवानं आवाज वाटताना याच्या वाट्याचाही पिराजीला देऊन टाकला असावा, कारण अभिरामचं गणित तिसऱ्या बाकाच्या मागं पोचत नाही. सुट्टी पडली की गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी बघत फिरायचं, हा त्याचा एकुलता एक नाद. या नादात त्यानं पिराजीला एकदाच सामील करून घेतलं होतं, कळंबा तलावावर. तासभर दबा धरल्यावर परदेशी बदकं काठाशी आली, आणि पिराजी आनंदानं म्हणाला, “आयला अभ्या, आली की रं!” तलाव रिकामा झाला. पलीकडच्या काठाला धुणं धुणाऱ्या बायासुद्धा उठून उभ्या राहिल्या.

त्यानंतर आमंत्रण बंद.

आजारी माणसाला भेटायला येणारे चेहरा उतरवून येतात. अभिरामचा चेहरा दिवाळीचा होता.

“एकही शब्द नाही?” त्यानं पिराजीच्या बायकोला, संयोगिताला विचारलं.

“न्हाय वो. खोकायचं सुदीक जपून.”

“कुजबुज?”

“ती तर अजिबात न्हाय.”

“वहिनी, उद्या याला घेऊन जाऊ का?”

“कुटं?”

“गारगोटीच्या पुढं, जंगलात. बेडूकमुखी बघायला.”

“ह्ये काय आनि?”

“पक्षी आहे. फार दुर्मीळ. बेडकासारखं रुंद तोंड. दिवसभर फांदीवर वाळक्या पानासारखा बसून राहतो. हलत नाही, बोलत नाही.”

संयोगितानं नवऱ्याकडं एक नजर टाकली. “न्या की. तसलंच एक आमच्यातबी बसलंय सध्या.”

*

गाडीत, पहाटे.

अभिराम: काच वर करू का? थंडी आहे.

पिराजी:

अभिराम: नको? बरं. तर नियम सांगतो. हळू चालायचं. एकदम वळायचं नाही. आणि बोट दाखवायचं नाही, हात हलला की पाखरू उडतं. डोळ्यांनी दाखवायचं.

पिराजी:

अभिराम: शाबास. आली बघ उसाची ट्रॉली. आता गारगोटीपर्यंत हिचं बूड बघत जायचं. एरवी तू एक आरोळी मारून ती बाजूला घ्यायला लावली असतीस.

पिराजी:

अभिराम: पिऱ्या, तुझ्या लक्षात आलंय का? मी मघापासून बोलतोय आणि मला कुणी तोडलं नाही. घरी असं होत नाही. वर्गात होत नाही. तुझ्यासमोर तर जन्मात नाही.

पिराजी:

अभिराम: मग सांगूनच टाकतो. मला कुस्ती कळत नाही.

पिराजी:

अभिराम: असा बघू नकोस, पुढं ट्रॉली आहे. एवढी मैदानं तुझ्या मंडपात बसून बघितली, एकदाही कळलं नाही कोण वर आणि कोण खाली. तू ओरडलास की टाळ्या वाजवायचो.

पिराजी:

अभिराम: आणि तुझा तांबडा रस्सा. तू पाठ फिरवलीस की मी त्यात पाणी ओततो.

पिराजी: !

अभिराम: हां, हां! डॉक्टर! गप. (बराच वेळ हसतो.) खरं सांगू का? तू बोलत नाहीस तर किती बरं वाटतंय रे!

पिराजी:

*

ही शेवटची मोकळी जागा आधीच्या जागांपेक्षा मोठी होती.

पिराजी खिडकीबाहेर बघत राहिला. तोडलेल्या उसाच्या रानात बगळे उतरले होते. अभ्या चेष्टा करतोय हे त्याला कळत होतं. पण चेष्टेतलं वाक्य आत जाऊन बसलं. एवढी वर्षं आपण बोललो तेव्हा लोकांना बरं वाटत होतं, असा त्याचा समज होता. मग पौषापासून गल्लीतली सगळी अशी हसतमुख का दिसायला लागली होती? पोस्टमन परवा चक्क दारात टेकून दहा मिनिटं स्वतःच्या गुडघ्याबद्दल सांगून गेला. आधी पत्र फेकून पळायचा.

म्हणजे आवाज गेला तर लोकांची सोयच की!

हे त्याला पाटीवर लिहावंसं वाटलं नाही.

*

गारगोटीत चहाला थांबले ही चूक झाली.

“ह्ये पिराजी निवेदक न्हवं?”

“व्हय की! आवो पावणं, या की, बसा!”

“च्या आण रं! मलई मारके!”

“बोला की राव कायतर! मागल्या जत्रंला काय बोलला हुतासा, अंगावर काटा!”

पिराजीनं पाटी वर धरली: घसा बसलाय.

“आगाई! कवापास्नं?”

“ज्येष्ठमध चघळा.”

“ज्येष्ठमधानं काय हुतंय? आल्याचा रस आनि मध.”

“आवो, गावठी कोंबडा. काळा. त्येचा रस्सा उभ्यानं प्यायचा.”

“उभ्यानं कशापायी?”

“बसून पिला की पोटात जातोय. उभ्यानं घशात ऱ्हातोय.”

अभिरामनं डोळे मिटून घेतले. गणिताच्या मास्तरला एवढं सहन होत नाही.

तेवढ्यात गर्दीतून एक गडी पुढं ढकलला गेला. गुंडू त्याचं नाव, टेम्पो चालवायचा. “आमचा गुंडू तुमचा आवाज काढतोय! ऐका! काढ रं गुंड्या!”

गुंडू लाजला, नाही नाही म्हणाला, आणि मग पाण्याचा ग्लास माईकसारखा धरून सुरू झाला. “आणि कुस्तीशौकिनांनोऽऽ, लाल मातीच्या सेवेसाठीऽऽ, सावज टप्प्यात आलंयऽऽ, आणि… आणि… आणि…”

हुबेहूब होता. चढतीवर मान तिरकी करायची लकबसुद्धा. लोकांनी शिट्ट्या मारल्या. स्टँडात लागलेल्या एसटीतून माणसं वाकून बघायला लागली. पिराजी बाकावर बसून स्वतःचा आवाज दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकत होता. आपलं घर भाड्यानं देऊन रस्त्यावरून बघावं तसं त्याला झालं. खिडक्या त्याच, दिवा तोच, आत माणसं दुसरी.

त्यानं गुंडूच्या पाठीवर थाप मारली, हात जोडले आणि तडक गाडीत जाऊन बसला. पाटी बाकावरच राहिली. ती राहिली हे दोघांनाही डांबरी रस्ता संपल्यावर कळलं.

“परत जायचं?” अभिराम म्हणाला. “जाऊ दे. पाटीवर पेन्सिल करकरली असती, पाखरं उडाली असती.”

पिराजी:

*

जंगल.

इथून पुढं सगळं हळू वाचायला हवं.

गाडी देवळाच्या कट्ट्यापाशी ठेवली. पायवाट उतरत ओढ्याकडं गेली. माघातल्या ओढ्यात पाणी थोडंच, पण बोलत होतं. वर ऐन आणि किंजळाची झाडं, खाली वेलींची गच्च जाळी, आणि त्या जाळीत जिकडंतिकडं वाळकी पानं अडकलेली. त्यातलं एखादं पान म्हणजे पक्षी. अभिरामच्या ओळखीच्या एकानं याच ओढ्याकाठी जोडी बघितली होती.

पान.

पान.

पान.

पान.

पान. (हललं. वारा.)

पान.

अभिरामचं सुख या असल्या गोष्टीत होतं. तो एका दगडावर मांडी ठोकून बसला आणि एकेका पानाची दुर्बिणीतून हजेरी घ्यायला लागला. पिराजी त्याच्या समोर, दहा-बारा पावलांवर, ओढ्याच्या अंगाला उभा राहिला आणि त्याला कंटाळा आला.

पण कंटाळलेल्या निवेदकाचं डोकं गप्प बसत नाही. घसा बंद असला तरी मैदान आत सुरूच होतं:

*आणि शौकिनांनो, डाव्या फांदीवरनं उतरतोय हळद्या, पिवळा लंगोट, वजन हलकं पण चपळाई बघा! समोरनं आलाय कोतवाल, काळा, शेपूट दुभंगलेली, ह्यो भांडखोर गडी! सलामी झडली! कोतवालानं चोच मारली, हळद्यानं अंग काढून घेतलं, वाऽऽ! कोतवाल माघारी! टाळ्या, मंडळी, टाळ्या!*

टाळी वाजवायला त्यानं हात उचललेसुद्धा. मग नियम आठवून खाली घेतले. मनातला आवाज जुनाच होता. तंदुरुस्त, दमदार, फेट्यातला. पिराजीला वाटलं, हा इथंच राहू दे. आत. इथं त्याला कोण नाव ठेवणार? इथं गुंडू पोचत नाही आणि डॉक्टरची नळीही नाही.

*आणि आता मैदानात उतरतोय…*

आतला निवेदक थांबला.

अभिरामच्या मागं, करवंदीच्या जाळीपलीकडं, सावली होती. तिथं सावली असायला हवी त्यापेक्षा जास्त काळी. तिला कान फुटला. कान फडफडला. मग त्या सावलीनं एक पाय पुढं टाकला, आणि पाय गुडघ्यापर्यंत पांढरा होता.

गवा. एकटा, कळपातून बाहेर पडलेला, देवळाएवढा. अभिरामपासून एखाद्या खोलीच्या अंतरावर.

पिराजीनं सरळ बोट दाखवलं.

अभिरामनं दुर्बीण खाली घेतली, कपाळाला आठी घातली आणि ओठांनी म्हणाला: बोट खाली.

*

पिराजीनं काय दाखवलं आणि अभिरामला काय दिसलं, ते असं.

दोन्ही हातांची शिंगं करून डोक्यावर धरली.

“शिंगळा घुबड!” अभिराम हरखून कुजबुजला. “कुठं?”

मुंडी हलवली. नाही. दोन्ही हात पसरले. एवढा मोठा.

“धनेश?”

नाही, नाही. छाती पुढं काढली, खांदे वर केले, पायानं माती उकरली.

“रानकोंबडा होय? तो मघाशीच बघितला की आपण.”

नाकातून फुसकारा सोडला. दोनदा.

“फुत्कारतो म्हणजे गव्हाणी घुबड. पण ते इथं कुठलं? नीट बघ, पिऱ्या. चुकतोयस.”

पिराजीनं विजारीचे पाय वर ओढले आणि पोटऱ्यांवरून हात फिरवत खाली नेला. इथून खाली पांढरं. सगळं पांढरं.

अभिरामनं बराच विचार केला. गणितात अडलेल्या पोराला मार्क द्यायचे का नाही, तसा.

“शेकाट्या म्हणायचंय का तुला? पण त्याचे पाय तांबडे असतात रे.” आणि त्यानं दुर्बीण परत डोळ्याला लावली.

*

गव्यानं मान खाली घातली आणि आणखी एक पाऊल टाकलं.

पिराजीच्या पोटातून जुनी आरोळी उठली. छातीपर्यंत आली. आणि तिथं त्याला कळलं की ही सोडून चालायची नाही. आरोळीनं बुजलेला गवा कुठल्या दिशेला सुटेल हे कुणी सांगावं, आणि मधे अभ्या मांडी घालून बसलेला. ओरडायचं नाही. बोलायचं. बोलायचं तर तोंड उघडायचं, आणि जे येईल ते ऐकायचं.

चार दिवस तो या क्षणापासून पळत होता. म्हशीपुढून पळाला, बायकोपुढून पळाला.

त्यानं तोंड उघडलं.

“अभ्या. मागं गवा हाय. हलू नगंस.”

आवाज आला. ओल्या पोत्यातून भुईमुगाच्या शेंगा ओताव्यात तसा. बुटका, खरखरीत, जमिनीलगत चालणारा. पिराजीनं तो ऐकला आणि दुसरंच कुणी बोलल्यासारखं त्याला वाटलं.

अभिरामलाही तसंच वाटलं. दुर्बीण न हलवता, वर न बघता, आयुष्यभराच्या सवयीनं तो म्हणाला:

“श्श्! हळू.”

आणि मग त्याचा हात दुर्बिणीवर थिजला. डोळे वर झाले. पिराजीचे ओठ अजून उघडेच होते.

“तू…”

“आदी मागं बघ. न्हाय, बघू नगंस. हळूच ऊठ. माज्याकडं ये. माज्याकडंच बघत.”

अभिराम उठला. त्याची पिशवी दगडावरच राहिली. तो एकेक पाऊल टाकत पिराजीकडं आला, पिराजीनं त्याचा दंड धरला आणि दोघं एका जाड ऐनाच्या मागं सरकले. बुंधा जाड होता, तरी दोन मध्यमवयीन माणसं लपतील एवढा नव्हता. त्यांनी पोटं आत घेतली.

गवा आला. दगडापाशी थांबला. अभिरामच्या पिशवीचा वास घेतला, तिच्यात मिरचीचा ठेचा होता, आणि मोठ्यांदा शिंकला. मग अपमान झाल्यासारखा ओढ्यात उतरला, पलीकडं चढला आणि गेला. फांद्या मोडल्याचा आवाज लांब लांब जात थांबला.

*

“तू बोललास.”

“व्हय.”

“अरे, डॉक्टरांनी…”

“डॉक्टर बिस्तारवारीच म्हणालाय, बोल म्हणून.”

“गुरुवारी? मग आजवर का बोलला नाहीस?”

“भ्यालतो.”

“कुणाला?”

पिराजीनं गळ्याला हात लावून दाखवलं. बोलता येत होतं तरी.

अभिराम खाली बसला. बुंध्याला पाठ टेकली. “मी मघाशी गाडीत म्हणालो ते…”

“कुस्ती कळत न्हाय त्ये?”

“नाही. ते दुसरं.”

“त्येबी ऐकलंय. रस्स्यात पानी वततोस त्येबी ऐकलंय. आता समदं ध्यानात हाय माज्या.”

“तुला बरं वाटावं म्हणून…”

“बरं वाटाय?”

“नाही. मलाच बरं वाटत होतं,” अभिराम म्हणाला. “खोटं कशाला बोलू. तू बोलायला लागलास की मी कुठं दिसत नाही, पिऱ्या. पण आज मला तुझ्याशीच बोलायचं होतं. दुसऱ्या कुणाशी नाही.”

पिराजीनं यावर काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. एरवी एवढ्या वेळात त्याची तीन वाक्यं होऊन गेली असती. हा नवा आवाज तेवढा पळत नव्हता. त्याला उठायला, चपला घालायला वेळ लागत होता.

आणि तेवढ्या वेळात अभिरामनं मान वर केली.

त्याच्या नाकासमोर, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर, एका वेलीवर दोन वाळकी पानं चिकटून बसली होती. एक करडं, एक तांबूस. करड्या पानाला मिशा होत्या. तांबूस पानानं एक डोळा किंचित, चिरेएवढा, उघडला.

“बेडूकमुखीऽऽऽ!”

अख्ख्या रानात गेली ती आरोळी. अभिरामच्या गळ्यातून गेली. ज्युनिअर कॉलेजात मिळाली असती तर शेवटच्या बाकावरच्या पोरांचं आयुष्य बदललं असतं. पलीकडच्या झाडावरून हळद्या, कोतवाल, आणखी कोण कोण, सगळे उडाले.

“आरं हळू!” पिराजी म्हणाला. “मर्दा, हळू की!”

बेडूकमुखी मात्र उडाले नाहीत. त्यांनी चोची आभाळाकडं केल्या, डोळे मिटले आणि आम्ही मोडक्या फांदीचे तुकडे आहोत असा आव आणला. सबंध जंगलात त्यांच्यावर विश्वास ठेवणारं कुणी उरलं नव्हतं, तरी त्यांनी तो आव सोडला नाही. दोघं मित्र तोंडावर हात दाबून हसत राहिले. अभिरामनं दुर्बीण डोळ्याला लावली, तर एवढ्या जवळचं त्यातून काही दिसेना. मग त्यानं ती काढून ठेवली आणि नुसतंच बघितलं.

*

चढ चढून वर आल्यावर रेंज आली.

“वहिनींना फोन कर,” अभिराम म्हणाला आणि स्वतःचा फोन पुढं केला. पिराजीचा फोन घरीच होता. बोलायचं नाही तर ते धूड खिशात कशाला, म्हणून.

पिराजीनं फोन घेतला खरा, पण नंबर लावायला वेळ लावला. गव्यापुढं बोलणं सोपं गेलं होतं, तिथं विचाराला सवड नव्हती.

“ह्यालो?”

“मी हाय.”

“मी कोन?”

“मी. पिराजी.”

संयोगिता एकेक शब्द तोलून म्हणाली, “अवं पावणं, आमचं मालक पाखरं बगाय गेल्यात, आनि त्ये सद्या बोलत न्हाईत. चेष्टा कराय दुसरं घर बगा.”

फोन बंद.

अभिराम रस्त्याच्या कडेला बसून रुमालात हसायला लागला. पिराजीनं पुन्हा लावला.

“आगं ठेवू नगं. मीच हाय.”

“तुमी मालक हायसा?”

“व्हय.”

“मग आरडून दावा.”

पिराजीनं श्वास भरून घेतला. पार पोटापर्यंत. छाती फुगली, मान तिरकी झाली. अभिरामचं हसू थांबलं, त्यानं दोन्ही हात हलवून नको नको केलं. पिराजी तसाच उभा राहिला, आणि मग त्यानं तो श्वास नाकावाटे सोडून दिला.

“आरडाय येत न्हाय आता,” तो म्हणाला.

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“अवं… तुमीच व्हय.”

“मगापास्नं त्येच सांगाय लागलोय.”

“आवाज असा कसा झाला?”

“ह्योच आलाय.”

“आनि ह्योच ऱ्हाणार?”

“म्हाईत न्हाय. डॉक्टर म्हणालाय, बगू.”

“मग जत्रा वो?”

“करणार की.”

“ह्या आवाजात?”

“माईकवाल्याला सांगायचं, जरा वाढीव म्हणून. त्येला तरी दुसरं काय काम हाय?”

संयोगिता हसली, का नाक ओढलं, फोनवर नीट कळलं नाही. खाली दरीत कुठंतरी रानकोंबडा आरवला.

“बोला की अजून,” ती म्हणाली.

“काय बोलू?”

“कायबी बोला. असं कानात बोलल्यावानी पैल्यांदाच बोलाय लागलायसा.”

पिराजी निवेदक लाजला. त्यानं अभिरामकडं पाठ केली, फोन तोंडाच्या आणखी जवळ घेतला आणि बोलायला लागला. काय बोलला, ते चार पावलांवर बसलेल्या अभिरामलासुद्धा ऐकू आलं नाही.